पाच अक्षरी इंग्रजी शब्द तुम्ही कसे शोधता? (चार अक्षरं हिरवी होऊनही हरलेला डाव)

कृष्णाकाठ, सकाळी 6:10

नमस्कार मंडळी.

पहाटे साडेपाचला उठून चहाचं आधण ठेवलं की मी वर्डल उघडते. लेक पिट्सबर्गला असते, तिनेच हे लावून दिलं. पाच अक्षरी एक इंग्रजी शब्द ओळखायचा, सहा प्रयत्न. अक्षर जागेवर बसलं तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसेलच तर राखाडी. नवा शब्द ज्याच्या त्याच्या घड्याळातल्या मध्यरात्री येतो, त्यामुळे तो मला तिच्या साडेनऊ तास आधी मिळतो. हिवाळ्यात साडेदहा. मी खेळून तिला नुसते रंगीत चौकोन पाठवते. उत्तर सांगायचं नाही, सूचकही काही बोलायचं नाही. आमच्याकडे संध्याकाळचे साडेचार वाजले की तिचे चौकोन येतात. दोन देशांत राहून रोज एकच गोष्ट दोघींनी केल्यासारखं वाटतं, म्हणून मी हे मनापासून करते.

परवाचा डाव सांगते. पहिला शब्द टाकला क्रेन, सी-आर-ए-एन-ई. सी पिवळा, ए पिवळा, बाकी राखाडी. दुसरा टाकला पॅच, पी-ए-टी-सी-एच. पी राखाडी आणि पुढची चारही अक्षरं हिरवी! दुसऱ्याच ओळीत चार हिरवी. म्हटलं, आज तीनमध्ये होणार. मग टाकत गेले. मॅच, नाही. बॅच, नाही. लॅच, नाही. हॅच, नाही. सहा ओळी संपल्या. उत्तर होतं वॉच. डब्ल्यू-ए-टी-सी-एच. मनगटावर घड्याळ बांधून बसले होते आणि तो शब्द एकदाही डोक्यात आला नाही.

लेक म्हणाली, "नशीब नव्हतं गं." पण मला ते पटत नाही. मी मराठी माध्यमातली असले तरी बँकेत तेहतीस वर्षं इंग्रजीतच कागद काळे केले. वॉच हा शब्द मला येत नव्हता असं कसं म्हणू? येत होता, सापडला नाही. शब्द येणं आणि शब्द सापडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात, असं परवापासून मनात घोळतंय.

तर विचारायचं हे की, लांबी ठरलेली, दोन-चार अक्षरं ठरलेली, अशा वेळी तुम्ही शब्द डोक्यात कसा शोधता? इथे स्क्रॅबलवाले (अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून शब्द करणारे), शब्दकोडीवाले बरेच आहेत. आपापली रीत सांगा.

रात्रपाळी, सकाळी 7:42

काकू, ड्यूटीवरून आत्ताच आलो, पण हे वाचून झोपायचं राहिलं.

आधी थोडा हिशोब. सव्वीस अक्षरांतून पाच जागा भरायच्या तर 1,18,81,376 रचना होतात. सुरुवातीचा वर्डल त्यातल्या सुमारे तेरा हजारच शब्द म्हणून स्वीकारायचा, म्हणजे दर नऊशेत एक. उत्तरांची यादी त्याहून लहान. जॉश वॉर्डलने हा खेळ आपल्या जोडीदारासाठी, पलक शाह यांच्यासाठी बनवला. पाच अक्षरी सुमारे बारा हजार शब्द त्यांच्यापुढे ठेवले आणि ओळखीचे तेवढे त्यांनी निवडले, तेव्हा अडीच हजारांच्या आत उरले. सुरुवातीच्या खेळात 2315 उत्तरं होती. 1 नोव्हेंबर 2021 ला जेमतेम 90 जण खेळत होते, दोन महिन्यांत तीन लाख झाले आणि जानेवारी 2022 संपताना न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की उत्तर नेहमी ओळखीचंच असतं. अवघड शब्द हुडकत बसू नका.

त्या 2315 शब्दांत कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मी मोजलं होतं. ई 1233 वेळा, ए 979, आर 899, मग ओ, टी, एल, आय, एस, एन. सुरुवातीला सर्वांत जास्त एस, 366 शब्द. शेवटी ई 424 शब्दांत आणि वाय 364 शब्दांत. शेवटी एस मात्र फार क्वचित, कारण साधी अनेकवचनं उत्तरात घेतलेलीच नाहीत. म्हणजे अक्षर किती वेळा येतं एवढंच बघायचं नाही, ते बसतं कुठे तेही बघायचं. वाय हा शेवटच्या बाकावर बसणारा आहे. एच एकटा कमी, सी, एस किंवा टीला धरून जास्त.

आता तुमचा परवाचा डाव. पॅच टाकल्यावर तुमच्याकडे चार प्रयत्न होते आणि शक्यता पाच. बॅच, हॅच, लॅच, मॅच, वॉच. कॅच बाद, कारण सी पहिल्या जागी नाही हे क्रेनने सांगितलेलं. अशा वेळी एक प्रयत्न मुद्दाम वाया घालवायचा. तिसऱ्या ओळीत ब्लिम्प टाकायचा, बी-एल-आय-एम-पी. तो उत्तर नाही हे माहीत असूनच टाकायचा. बी, एल, एम तिघांची झडती एका फटक्यात होते. त्यातला कुणी पेटला तर उत्तर मिळालं, नाही पेटला तर उरले हॅच आणि वॉच. जास्तीत जास्त पाचव्या ओळीत सुटका. हार्ड मोडवर असाल तर मात्र ही सोय नाही, तिथे सापडलेली अक्षरं वापरावीच लागतात.

चिंचेचं_झाड, सकाळी 8:05

अगदी अगदी! मी असाच आय-जी-एच-टीमध्ये अडकलो होतो. लाइट, नाइट, राइट, माइट, साइट, फाइट, टाइट, शेवटी एटसुद्धा. आता तिथे फिल्म्स टाकतो. एफ, एल, एम, एस चारही तपासून होतात.

पाटीपेन्सिल, सकाळी 9:30

कृष्णाकाठताई, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी एकतीस वर्षे ग्रामीण भागातल्या मराठी शाळांत इंग्रजी शिकवले. 'रात्रपाळी' यांनी सांगितलेली युक्ती उत्तम आहे. पण वॉच तुम्हांला का सापडला नाही, याचे कारण मला दुसरेच दिसते.

तुम्ही टाकलेले शब्द मोठ्याने म्हणून पाहा. पॅच, मॅच, बॅच, लॅच, हॅच. पाचही शब्द एका तालात आहेत, सगळ्यांत तोच ॅ. तुमचा कान तुम्हांला यमक पुरवीत होता आणि तुम्ही विश्वासाने घेत होतात. वॉच त्या यमकात बसत नाही, म्हणून कानाने तो पुढे केलाच नाही. डोळ्याने पाहिले तर तो त्यांचा सख्खा भाऊ आहे, पाचांतली चार अक्षरे तीच.

हे का होते ते सांगतो. आपण अक्षर म्हणतो ते उच्चाराचे एकक. व्यंजन, स्वर, लागल्यास जोडाक्षर, सगळे एका घासात. स्ट्रेंग्थ हा शब्द देवनागरीत दोन अक्षरांत मावतो. इंग्रजीत त्याला आठ लागतात. वॉच आपल्याला दोन अक्षरी आणि त्यात टी कुठेच नाही. बाराखडीवर वाढलेले मूल इंग्रजी शब्द ऐकते तेव्हा तो मनात असा बांधला जातो, आणि ही बांधणी इतकी पक्की असते की आतली सुटी अक्षरे दिसेनाशी होतात. वर्गात मी फळ्यावर नाइफ लिहिला की पोरे विचारायची, "सर, के कशाला?" प्रश्न रास्त होता. एके काळी इंग्लंडात तो के उच्चारला जात असे. नाइटमधला जी-एचसुद्धा घशातून, आपल्या खच्या जवळपास, उच्चारला जाई. कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, पुढे स्पेलिंग हळूहळू गोठत गेले आणि जिभा मात्र पुढे सरकल्या.

डब्ल्यूचेही तसेच. डब्ल्यूनंतर ए आला की त्याचा उच्चार बहुधा ऑकडे झुकतो. वॉश, वॉन्ट, वॉस्प, स्वॉन, स्वॉम्प, वॉच. क्यू-यूनंतरही तेच, कारण त्यातही व आहे. स्क्वॉड, स्क्वॉश, क्वॉलिटी. पुढे के, जी किंवा एक्स आला तर मात्र ॅ टिकतो. वॅगन, वॅक्स. हा नियम मी मुलांना वाचनासाठी शिकवीत असे. तुम्ही तो उलटा वापरा. ॅच्या माळेत शोधत असाल तर एकदा थांबून विचारा, इथे डब्ल्यू बसेल का?

गृहपाठ देतो. ओ-यू-सी-एच शेवटी असलेले पाच अक्षरी शब्द शोधा. काऊच, पाऊच, व्हाऊच कानाला लगेच मिळतील. चौथा मिळतो का पाहा.

कृष्णाकाठ, सकाळी 10:15

सर! वाचून थोडा वेळ तशीच बसून राहिले. खरंच की, वॉच यमकात बसत नव्हता.

चौथा टच. टी-ओ-यू-सी-एच. स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता आठवला, पण कानाने नव्हे. पोळपाटावरच्या पिठात बोटाने ओ-यू-सी-एच लिहिलं आणि पुढे ए-पासून एकेक अक्षर लावत गेले. टीला आल्यावर दिसला. मोबाइलच्या पडद्याकडे बघत तो शंभर वर्षं आठवला नसता.

पाटीपेन्सिल, सकाळी 10:40

हीच रीत. पिठात लिहिलेत हे फार छान केलेत. आता ओ-डब्ल्यू-ई-आर घ्या. टॉवर, पॉवर एका उच्चाराचे, लोअर, मोअर, सोअर दुसऱ्या. दोन्ही कप्पे उघडायची सवय लागली की कुणी मागे राहत नाही.

सात_टाइल्स, दुपारी 12:20

स्क्रॅबलवाल्यांना बोलावलंत म्हणून हजेरी लावतो. डोंबिवलीहून दर रविवारी मुंबईत खेळायला जायचो, लोकलमध्ये शब्दांच्या याद्या पाठ करत.

आमची अडचण वेगळी. वर्डलमध्ये जागा माहीत असतात. आमच्याकडे सात टाइल्स हातात आणि त्यांतून शब्द काढायचा. सातही एकदम लागल्या तर 50 गुण वरचे. तिथे पहिली शिकवण अशी की टाइल्स मांडणीवर स्थिर ठेवायच्या नाहीत. सारख्या हलवायच्या. आय-एन-जी असेल तर उजवीकडे सरकव, ई-आर असेल तर उजवीकडे, आर-ई किंवा यू-एन असेल तर डावीकडे. टोकं बांधून घेतली की मध्ये तीन-चार अक्षरंच उरतात आणि तेवढ्यांचा शब्द डोळ्याला दिसतो.

दुसरी शिकवण मुरायला मला दोन वर्षं लागली. अक्षरं ए-बी-सी-डीच्या क्रमाने लावायची आणि तो क्रम ओळखीचा करून घ्यायचा. ई-आय-एल-एन-एस-टी असं दिसलं की मला आता पाच शब्द एकदम दिसतात. लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल, इनलेट्स. पाचांचे उच्चार एकमेकांना ओळखसुद्धा देत नाहीत. सर म्हणाले ते इथे पदोपदी अनुभवाला येतं.

तिसरी, एक सहा अक्षरी शब्द खुंटी म्हणून ठेवायचा. माझी खुंटी रेटिना, आर-ई-टी-आय-एन-ए. तिला सातवं अक्षर लावत जा. सी लावला की सर्टन. डी लावला की ट्रेन्ड, टी-आर-ए-आय-एन-ई-डी. जी लावला की ग्रॅनाइट. एच लावला की हेअरनेट. पी लावला की पेंटर, आणि तीच अक्षरं हलवली की रिपेंट, पर्टेन. एस लावला तर ढीगभर शब्द. हे कळलं तेव्हा मला कल्याण कधी आलं ते समजलं नव्हतं, डोंबिवली मागे राहिली होती.

आणि एक, ज्यांनी हा खेळ काढला त्यांनीही मोजणीपासूनच सुरुवात केली. आल्फ्रेड बट्स, न्यूयॉर्क राज्यातले वास्तुविशारद. 1930 च्या दशकातल्या मंदीत काम गेलं, तेव्हा वर्तमानपत्रांतल्या मजकुरात कुठलं अक्षर किती वेळा येतं ते त्यांनी हाताने मोजलं. त्यावरून टाइल्सची संख्या आणि गुण ठरले. एकूण शंभर टाइल्स, त्यांत ई बारा आणि क्यू एकच. एस मुद्दाम चारच ठेवले, कारण जास्त असते तर जो तो नुसती अनेकवचनं करत बसला असता. स्क्रॅबल हे नाव 1948 मध्ये जेम्स ब्रूनो यांनी दिलं.

हर्णै_बंदर, दुपारी 1:05

सात अक्षरी म्हणालात म्हणून आठवलं. इंग्रजीत बमलो असा शब्द आहे. बी-यू-एम-एम-ए-एल-ओ. सात अक्षरं. अर्थ बोंबील! शब्दकोश त्याचं मूळ बहुधा मराठी बोंबील असं देतात. आमच्याकडे वलांडीवर वाळत घातलेले बोंबील बघत मी मोठा झालो आणि तो शब्द इंग्रजी शब्दकोशात सापडला तेव्हा आईला हाक मारून दाखवला होता.

सात_टाइल्स, दुपारी 1:30

हर्णैकर, काय सांगता! कॉलिन्सच्या यादीत, म्हणजे कॉलिन्स शब्दकोशाच्या स्क्रॅबलसाठीच्या शब्दयादीत आहे तो, आणि भारतात स्पर्धांना तीच यादी चालते. बी 3, यू 1, एम 3 आणि 3, ए 1, एल 1, ओ 1. झाले 13, वर 50, म्हणजे 63. फक्त पिशवीत एम दोनच असतात, दोन्ही आपल्या हाताला लागायला हवेत.

आठ अक्षरी हवा असेल तर मंगूस, एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई. तोही आपल्या मुंगसावरूनच तिकडे गेला.

क्यूबद्दलही सांगतो, कारण नवे खेळाडू क्यू आला की यू शोधत बसतात. यू नसला तरी चालणारे शब्द आहेत, आणि बरेचसे आपल्याला घरचे आहेत. फकीर एफ-ए-क्यू-आय-आर. बुरखा बी-यू-आर-क्यू-ए. तलाक टी-ए-एल-ए-क्यू. काझी क्यू-ए-डी-आय. कव्वाली क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. मूळ अरबीत तो घशातला क आहे, रोमन लिपीत लिहिताना त्याला क्यू दिला. आपल्या लिपीत तो साध्या कमध्ये, कधी खमध्ये मिसळून गेला. त्यामुळे शब्द आपल्याला लहानपणापासून येतो पण त्यातला क्यू दिसत नाही. पुन्हा तेच!

अटकेपार, दुपारी 3:50

लंडनहून वाचतेय. सरांचा प्रतिसाद वाचून माझ्या मुलाची आठवण झाली, कारण त्याचं बरोबर उलटं आहे. वय नऊ, इथेच वाढतोय. वर्डल माझ्याआधी सोडवतो. डोळे मिटून स्पेलिंग सांगतो, जणू आत कुठे लिहिलेलं वाचतोय. शनिवारी त्याला मराठी शिकवते. परवा स्त्री लिहायला सांगितलं तर त्याने स, त, री अशी तीन अक्षरं सुटी लिहिली आणि म्हणाला, "आई, हे एका अक्षरात कसं मावणार?" त्याला शब्दात सुटी अक्षरं आधी दिसतात, मला एकत्र घास आधी ऐकू येतो. एकाच घरात दोन डोकी.

आता आम्ही दोघं मिळून खेळतो. मी यमकं पुरवते, तो यमकात न बसणारे पुरवतो. लवकर सुटतं.

मागचा_बाक, संध्याकाळी 5:15

इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर काऊ-बुल खेळलेलं कुणी आहे का? चार अक्षरी शब्द मनात धरायचा, अक्षर पुन्हा येता कामा नये. समोरच्याने शब्द टाकला की नुसते आकडे सांगायचे. अक्षर आणि जागा दोन्ही बरोबर तर बुल, अक्षर बरोबर पण जागा चूक तर काऊ. कुठलं अक्षर ते सांगायचं नाही, म्हणून वर्डलपेक्षा अवघड.

आमचा रूममेट वहीच्या मागच्या पानावर सव्वीस अक्षरं लिहून ठेवायचा. पहिले तीन शब्द असे टाकायचा की एकही अक्षर सामाईक नाही. बारा अक्षरांचा निकाल तीन चालींत. "शून्य काऊ, शून्य बुल" म्हटलं की तो खूश, कारण चार अक्षरं एकदम खोडायला मिळाली. आम्ही हिरव्याच्या मागे लागायचो, तो राखाडीवर जिंकायचा. काकू, तुमच्या क्रेनने आर, एन, ई तीन खोडली होती, ती कमाई लहान नव्हती.

सरळमार्गी, संध्याकाळी 6:40

चर्चा छान चाललीय, पण एक विचारतो. नेटवर अशा साइट आहेत की लांबी टाका, अक्षरं टाका, यादी हजर. माझे दोन मित्र सर्रास तेच करतात आणि गटात तीन-तीन ओळींचे चौकोन टाकतात. मला हे मान्य नाही. जो शब्द यंत्राने काढला तो तुम्ही शोधला असं कसं म्हणायचं? काकू आणि त्यांची लेक उत्तर न सांगण्याचा नियम पाळतात, त्याला तरी मग काय अर्थ राहिला?

रात्रपाळी, रात्री 8:10

सरळमार्गी, डाव चालू असताना वापरणं मलाही मान्य नाही. पण त्या साइट आत काय करतात ते बघण्यासारखं आहे, कारण आपल्याला ते कागदावर करता येतं.

जागा माहीत असतील तर काम सोपं. लिनक्स या संगणकप्रणालीत ग्रेप नावाची आज्ञा आहे. माहीत नसलेल्या प्रत्येक जागी टिंब द्यायचं, माहीत असलेल्या जागी अक्षर, सुरुवातीला टोपीचं चिन्ह, शेवटी डॉलरचं. संगणक यादीतला एकेक शब्द त्या साच्यावर ठेवून बघतो. काकूंनी पिठात ओ-यू-सी-एच लिहून पुढे अक्षरं लावली, ते हेच. जागा माहीत नसतील तर यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं आधीच ए-बी-सी-डी क्रमाने लावून ठेवलेली असतात, तुम्ही दिलेलीही तशीच लावली जातात आणि दोन्ही जुळवून बघितली जातात. सात_टाइल्स लोकलमध्ये जे शिकले, ते हेच.

फरक एवढाच की संगणकाला वॉच आणि मॅच यांत फरक ऐकू येत नाही. त्याला कान नाहीत, म्हणून तो चुकत नाही. आपल्याला कान आहेत आणि ते मला कमी करायचे नाहीत, फक्त शोधताना थोडा वेळ बाजूला ठेवायचे आहेत.

पाटीपेन्सिल, रात्री 9:00

सरळमार्गी यांच्याशी मी सहमत आहे, पण त्या यादीचा एक चांगला उपयोग मला दिसतो. डाव संपल्यावर ती उघडा. जे शब्द आपल्याला येत होते पण सापडले नाहीत, तेवढेच वहीत उतरवा. न येणारे शब्द सोडून द्या. येत असून न सापडलेल्या शब्दांत आपल्या डोळ्याची आंधळी जागा कळते. आणि प्रत्येकापुढे तो का सुटला ते लिहा. कुणी मुक्या अक्षरामुळे सुटतो, कुणी दोनदा आलेल्या अक्षरामुळे, हॅचमध्ये एच दोनदा आहे तसा, कुणी वायमुळे. निम्फ, लिम्फ, क्रिप्ट, ग्लिफ यांत ए-ई-आय-ओ-यू एकही नाही. वाय तिथे इ होऊन बसला आहे, आणि हे शब्द बहुतांशी ग्रीकमधून आलेले म्हणून तो तिथे आहे. ट्रिस्टमध्येही वायच, पण तो ग्रीक नव्हे. स्वर सगळे राखाडी झाले की घाबरू नका, वायला बोलवा.

शब्द सापडला की त्याचा अर्थही पाहावा, एवढे मात्र आग्रहाने सांगतो. नुसती अक्षरे जुळवणाऱ्याच्या हाती टाइल्स राहतात. ब्लिम्प म्हणजे आत सांगाडा नसलेले, वायूने फुगवलेले विमान. हे कळले की तो शब्द पुढच्या वेळी आपण होऊन येतो.

सरळमार्गी, रात्री 9:20

सर, डाव संपल्यावर, हे पटलं. उद्यापासून वही करतो.

हर्णै_बंदर, रात्री 9:45

वाचनखूण साठवली. सर, वहीचा नमुना टाकाल का?

पाटीपेन्सिल, रात्री 10:05

तीन रकाने पुरेत. पहिल्यात साचा, न कळलेल्या जागी रेघ. दुसऱ्यात कानाने दिलेले शब्द. तिसऱ्यात नंतर दिसलेले. तिसऱ्या रकान्याकडे महिन्यातून एकदा पाहायचे.

कृष्णाकाठ, बावीस दिवसांनी, सकाळी 6:25

मंडळी, धागा वर काढतेय, माफ करा. सांगायचं होतं.

बँकेतल्या जुन्या डायरीत सरांनी सांगितले तसे तीन रकाने आखले. तिसऱ्या रकान्यात आजवर चौदा शब्द जमलेत. त्यांतले नऊ केवळ उच्चारामुळे सुटलेले. बाकीच्यांत दोनदा आलेलं अक्षर जास्त, वाय एकदाच. म्हणजे माझा कान माझ्या अंदाजापेक्षाही जोरात बोलतो. पहिले दोन शब्द आता मी ठरवूनच टाकते, एकही अक्षर सामाईक नसलेले, त्या रूममेटसारखे. राखाडी चौकोन दिसले की पूर्वी वाईट वाटायचं, आता पेन्सिल उचलून खोडते.

आज पहाटे तिसऱ्या ओळीत दोन, तीन, चार आणि पाच हिरवी झाली. पहिली जागा रिकामी, अगदी परवासारखीच. कानाने लगेच तीन शब्द पुढे केले. ते टाकले नाहीत. गॅस बारीक केला, डायरीच्या कडेला चार अक्षरं लिहिली आणि ए-पासून एकेक लावत गेले. पाच शब्द निघाले. त्यांतला एक यमकात बसत नव्हता. चौथी ओळ पाचांतल्या तिघांची पहिली अक्षरं एकत्र तपासणारा शब्द टाकण्यात घालवली. तिन्ही राखाडी. उरले दोन. पाचव्या ओळीत तो वेगळ्या उच्चाराचाच टाकला आणि पाचही चौकोन हिरवे झाले.

चौकोन लेकीला पाठवलेत. तिच्याकडे अजून कालची रात्र चाललीय, हा शब्द यायला तिला काही तास आहेत. चौथी ओळ बघून तिचा लगेच मेसेज आला, "आई, सगळं हिरवं होतं आणि मध्येच हे काय केलंस?" मी म्हटलं, संध्याकाळी सांगते.